गावी राहावे की शहरात जावे? शेतकरी कुटुंबासाठी ताळेबंदाची पद्धत

हंगाम संपून शेतमालाचे पैसे हाती आले, की अनेक शेतकरी कुटुंबांत एक प्रश्न दरवर्षी निघतो. घरातील तरुणाने शहरात कामाला जावे, की गावी राहून शेती आणि तिच्या जोडीचा एखादा व्यवसाय सांभाळावा? या प्रश्नाचे उत्तर बहुधा ऐकीव माहितीवर ठरते. शेजारचा मुलगा दिवाळीला नवी मोटारसायकल घेऊन आला, तर शहर फायद्याचे वाटते. एखाद्या वर्षी टोमॅटोला चांगला भाव मिळाला, तर गाव बरे वाटू लागते. वाण निवडताना, ठिबक संच बसवताना किंवा जनावर विकत घेताना जो शेतकरी पैशापैशाचा हिशेब करतो, तोच शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत मोठा ठरणारा हा निर्णय हिशेबाविना घेतो.

गाव चांगले की शहर चांगले, याचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. मात्र एखाद्या कुटुंबासाठी कोणता पर्याय सोयीचा आहे, हे बऱ्याच अंशी काढता येते. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या मिळकतीतील आणि खर्चातील न दिसणाऱ्या रकमा ताळेबंदात आणाव्या लागतात. शिवाय जो निर्णय चुकल्यास मागे घेता येणार नाही, तो शक्य तितका उशिरा घ्यावा लागतो. या लेखात ती पद्धत मांडली आहे.

प्रश्नाची व्याप्ती

२०११ च्या जनगणनेनुसार देशाची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या ग्रामीण आणि ३१ टक्के शहरी होती. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील सरासरी वहितीधारण क्षेत्र १.०८ हेक्टर असून, ८६ टक्के खातेदार अल्प व अत्यल्प भूधारक आहेत. एवढ्या क्षेत्रावर दोन पिढ्यांचा पूर्णवेळ निर्वाह होणे कठीण आहे, हे शेतकऱ्याला आकडेवारीशिवायही ठाऊक असते.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७७ व्या फेरीत जुलै २०१८ ते जून २०१९ या कृषी वर्षातील शेतकरी कुटुंबांच्या मिळकतीची पाहणी झाली. तीनुसार सरासरी कुटुंबाची मासिक मिळकत १०,२१८ रुपये होती. यातील ४,०६३ रुपये मजुरी व वेतनातून, ३,७९८ रुपये पिकांतून आणि १,५८२ रुपये पशुपालनातून येत होते. उरलेली रक्कम बिगरशेती व्यवसाय आणि जमिनीचा खंड यांतून मिळत होती. म्हणजे सरासरी शेतकरी कुटुंबाला पिकांपेक्षा मजुरीतून अधिक पैसा मिळतो. शेती करणे आणि बाहेर काम करणे हे परस्परविरोधी पर्याय आहेत, ही समजूत प्रत्यक्षाला धरून नाही. बहुसंख्य कुटुंबे आधीपासूनच दोन्ही करीत आहेत. कुटुंबातील कोणी, किती काळ आणि किती दूर जावे, हा खरा प्रश्न आहे.

शहरातील मिळकत दिसते त्याहून लहान का असते?

घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये, तर शहरी भागात ६,९९६ रुपये होता. शहरी खर्च ग्रामीण खर्चापेक्षा सुमारे ७० टक्के अधिक आहे. २०११-१२ मध्ये हे अंतर सुमारे ८४ टक्के होते. अंतर कमी होत असले तरी ते मोठे आहे. त्याचा एक भाग शहरातील अधिक सुखसोयींचा आहे, तर दुसरा भाग केवळ महागाईचा आहे. गावी स्वतःच्या घराचे भाडे द्यावे लागत नाही; घरचे धान्य, दूध आणि परसातील भाजी विकत घ्यावी लागत नाही; शेतात जाण्यासाठी रोज तिकीट काढावे लागत नाही. शहरात या प्रत्येक गोष्टीसाठी रोख पैसे मोजावे लागतात.

दुसरा मुद्दा अनिश्चिततेचा आहे. स्थलांतर करणारा माणूस शहरातील वेतन पाहून निघत असला, तरी त्याने ते काम मिळण्याची आणि टिकण्याची शक्यताही पाहिली पाहिजे, असे जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये मांडले. त्यांच्या मांडणीत ‘अपेक्षित वेतन’ महत्त्वाचे आहे. महिना २०,००० रुपयांचे काम वर्षातील दहाच महिने मिळत असेल, तर वर्षाची मिळकत २,४०,००० नव्हे, तर २,००,००० रुपये होते. खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे मात्र बारा महिने द्यावे लागतात. पावसाचा खंड पिकासाठी जसा धोक्याचा, तसाच कामाचा खंड शहरातील मजुरासाठी धोक्याचा असतो. पावसाच्या खंडाची चर्चा गावभर होते. कामाच्या खंडाविषयी घरी फोनवर सांगितलेही जात नाही.

२०२० मधील टाळेबंदीच्या काळात हा धोका संपूर्ण देशाने पाहिला. शासनाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार त्या वर्षी एक कोटीहून अधिक स्थलांतरित कामगार आपापल्या राज्यांत परतले. त्या आर्थिक वर्षात देशाची एकूण अर्थव्यवस्था आकुंचन पावली असताना कृषी क्षेत्राची वाढ चालूच राहिली. परतलेल्यांना गावी आधार मिळाला, कारण तेथे त्यांचे घर होते, शेत होते आणि शिधापत्रिका होती. ज्यांनी जमीन विकून गाव सोडले होते, त्यांच्यापुढे असा पर्याय उरला नव्हता.

गावातील मिळकत मोठी की लहान?

गावातील मिळकतीचा अंदाज दोन्ही दिशांनी चुकतो. घरी खाल्लेले धान्य, घरचे दूध, सरपण आणि स्वतःचे घर यांची किंमत कोणी धरत नाही. त्यामुळे गावची मिळकत आहे त्याहून लहान दिसते. दुसरीकडे घरच्या माणसांचे श्रम, घरचे बियाणे, शेणखत आणि चारा यांची किंमतही धरली जात नाही. त्यामुळे शेतीचा नफा आहे त्याहून मोठा दिसतो.

दुसऱ्या चुकीचा आकार वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणातूनच कळतो. केवळ खिशातून केलेला खर्च वजा केल्यास मासिक मिळकत १०,२१८ रुपये येते. पैसे न देता वापरलेल्या घरच्या निविष्ठांची किंमतही वजा केल्यास ती ८,३३७ रुपयांवर येते. सर्वांत मोठी घट पशुपालनात दिसते. तेथील मासिक उत्पन्न १,५८२ रुपयांवरून ४४१ रुपयांवर येते, कारण घरचा चारा फुकट समजला जातो.

कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या पद्धतीशी विस्तार कार्यकर्ते परिचित आहेत. ‘ए-२’ या खर्चात प्रत्यक्ष दिलेले पैसे येतात. ‘ए-२ अधिक एफएल’ या खर्चात कुटुंबाच्या श्रमांचे मूल्य मिळवले जाते. ‘सी-२’ या खर्चात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याजही धरले जाते. पिकाच्या उत्पादन खर्चासाठी वापरली जाणारी ही दृष्टी स्थलांतराच्या निर्णयालाही लावता येते. घरातून एक माणूस बाहेर गेला, की ‘एफएल’चा एक भाग ‘ए-२’ मध्ये जातो. आजवर घरचा माणूस विनामूल्य करीत असलेले काम आता मजुराला पैसे देऊन करून घ्यावे लागते. शहरातून येणाऱ्या पैशातून ही रक्कम वजा केल्यावर जे उरते, तोच कुटुंबाचा खरा लाभ होय.

दोन कुटुंबांचा ताळेबंद

पुढील उदाहरणातील रकमा केवळ पद्धत स्पष्ट करण्यासाठी गृहीत धरल्या आहेत. प्रत्येक कुटुंबाने आपल्या भागातील मजुरी, भाडे आणि भाव घालून हा हिशेब नव्याने मांडावा.

पहिल्या कुटुंबाकडे तीन एकर बागायत जमीन आणि दोन दुभत्या गाई आहेत. मुलाला शहरात दरमहा २०,००० रुपयांचे काम मिळत आहे.

- वर्षाचे वेतन: २,४०,००० रुपये.
- शहरातील मासिक खर्च: वाटून घेतलेल्या खोलीचे भाडे ४,५०० रुपये, जेवण ५,००० रुपये, रोजचा प्रवास १,८०० रुपये, वीज, पाणी व मोबाईल १,५०० रुपये, औषधपाणी, कपडे व किरकोळ १,५०० रुपये, गावी ये-जा करण्याची सरासरी ७०० रुपये. एकूण १५,००० रुपये. वर्षाला १,८०,००० रुपये.
- मुलगा गावी राहिला असता तर त्याच्यावर होणारा, आता वाचलेला खर्च: दरमहा २,५०० रुपये, वर्षाला ३०,००० रुपये.
- त्याच्या जागी लावावी लागणारी मजुरी: ९० दिवस, प्रतिदिन ४०० रुपये, वर्षाला ३६,००० रुपये.
- मनुष्यबळाअभावी एक गाय विकावी लागल्याने बुडणारे निव्वळ उत्पन्न: दरमहा २,००० रुपये, वर्षाला २४,००० रुपये.

वेतनातून शहरातील खर्च वजा करून त्यात वाचलेला खर्च मिळवल्यास ९०,००० रुपये उरतात. शेतीकडील ६०,००० रुपयांची झळ वजा केल्यास कुटुंबाचा वार्षिक लाभ ३०,००० रुपये होतो. महिना २०,००० रुपये दिसणारी ही नोकरी कुटुंबाला प्रत्यक्षात महिना २,५०० रुपये देते. वर्षातून दोन महिने काम बंद राहिले, तर ४०,००० रुपये कमी होऊन कुटुंब १०,००० रुपयांच्या तोट्यात जाते.

दुसऱ्या कुटुंबाकडेही तीन एकरच जमीन आहे. मात्र ती कोरडवाहू असून घरी जनावरे नाहीत. मुलाची गरज खरिपात पेरणी आणि काढणीच्या वेळी, वर्षातून सुमारे २५ दिवसच असते. त्याच्या जागी मजूर लावल्यास १०,००० रुपये लागतात. नोकरी आणि शहरातील खर्च तेच धरले, तर या कुटुंबाचा वार्षिक लाभ ८०,००० रुपये होतो. दोन महिने काम बंद राहिले तरी ४०,००० रुपये उरतात.

नोकरी आणि जमिनीचे क्षेत्र सारखे असूनही दोन कुटुंबांची उत्तरे वेगळी आली. हा फरक गावी असलेल्या कामाच्या मूल्यामुळे पडला. पहिल्या कुटुंबाने मुलाला पाठवण्याआधी आणखी एक गाय, रोपवाटिका किंवा भाजीपाला यांतून ३०,००० रुपये वाढवता येतील का, हे तपासावे. दुसऱ्या कुटुंबातील मुलाला गावी थांबण्याचा उपदेश केल्यास ते कुटुंब अधिक गरीब राहील. त्याला पाठवणे आणि पेरणी-काढणीला त्याने परत येणे, ही या कुटुंबासाठी योग्य व्यवस्था ठरू शकते.

या हिशेबात काळाचाही विचार हवा. वीजतंत्री, यंत्रचालक किंवा परिचारिका यांसारख्या कौशल्याच्या कामात अनुभवाबरोबर वेतन वाढते. पहिली दोन वर्षे लाभ कमी असला, तरी पुढे तो वाढू शकतो. अकुशल कामात मात्र तशी वाढ क्वचितच होते आणि वय वाढेल तशी श्रम करण्याची शक्ती घटते. म्हणून पाच वर्षांनंतर ती व्यक्ती कोणते काम करीत असेल, हा प्रश्न आजच्या वेतनाइतकाच महत्त्वाचा आहे.

स्थलांतर हा विम्याचाही प्रकार आहे

केवळ सरासरी मिळकत पाहून चालत नाही. ओडेड स्टार्क आणि डेव्हिड ब्लूम यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या विचारानुसार स्थलांतराचा निर्णय एकट्या व्यक्तीचा नसून कुटुंबाचा असतो आणि जोखीम विभागणे हा त्याचा एक हेतू असतो. अवर्षणाच्या वर्षी शहरातील वेतन थांबत नाही आणि शहरात काम सुटले तरी गावी पीक उभे असते. दोन्ही संकटे एकाच वेळी येण्याची शक्यता कमी असते. आंतरपीक पद्धतीमागे हाच विचार आहे.

म्हणून लाभ थोडा असला, तरी नियमित वेतन कोरडवाहू कुटुंबाला उपयोगी पडते. त्या पैशातून वेळेवर बियाणे घेता येते आणि सावकाराकडे जावे लागत नाही. मात्र सारे कुटुंब शहरात गेले, तर जोखीम विभागण्याचा हा लाभ संपतो. सारी मिळकत पुन्हा एकाच ठिकाणी, एकाच प्रकारच्या धोक्यावर अवलंबून राहते.

पैशात न मोजता येणाऱ्या बाबी

कुटुंबे केवळ मजुरीसाठी गाव सोडत नाहीत. उत्तराखंड शासनाने २०१७ मध्ये ग्रामीण विकास व पलायन आयोग नेमला. त्याच्या २०१८ मधील अहवालानुसार गाव सोडणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांनी रोजगाराचे, सुमारे १५ टक्के लोकांनी शिक्षणाचे आणि आठ-नऊ टक्के लोकांनी आरोग्यसेवेच्या अभावाचे कारण सांगितले. २०११ नंतर त्या राज्यातील ७३४ गावे निर्मनुष्य झाल्याची नोंदही या अहवालात आहे. डोंगरउतारावरील पायऱ्यांची शेती एकदा सुटली, की बांध ढासळतात, माती वाहून जाते आणि रानटी प्राण्यांचा वावर वाढतो. त्यामुळे मागे उरलेल्यांची शेतीही अवघड होते. एका कुटुंबाचा निर्णय अशा रीतीने शेजारच्या शेतापर्यंत पोहोचतो.

आरोग्याच्या बाबतीत शहराची बाजू वरचढ आहे, हे मान्य करावे लागते. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या आकडेवारीनुसार दर हजार जिवंत जन्मांमागे अर्भकमृत्यूचे प्रमाण ग्रामीण भागात ३१, तर शहरी भागात १९ होते. तज्ज्ञ डॉक्टर आणि उच्च माध्यमिक शिक्षणाच्या सोयी शहरात जवळ असतात. जातीची ओळख आणि पिढीजात काम यांच्या बंधनातून सुटका हेही अनेकांच्या दृष्टीने शहराचे मोठे आकर्षण असते. विशेषतः भूमिहीन आणि दलित कुटुंबांसाठी ही बाब गौण नाही. ज्याच्या नावावर गावात जमीनच नाही, त्याला जमिनीच्या ओढीने गावी थांबण्यास सांगण्यात अर्थ नसतो.

शहराचीही दुसरी बाजू आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ६.५ कोटी लोक झोपडपट्ट्यांत राहत असल्याचे आढळले. दवाखाना जवळ असला, तरी दमट खोली, अपुरे पाणी, दूषित हवा आणि उन्हाळ्यात तापणारे पत्रे यांचा आरोग्यावर परिणाम होतो. गावी आजी-आजोबांमुळे मुलांचा सांभाळ आणि आजाऱ्याची शुश्रूषा विनासायास होते. शहरात तोच आधार पैसे देऊनही मिळेलच असे नाही.

गाव आणि शहर यांतील सोयींचे अंतरही स्थिर नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये जल जीवन मिशन सुरू झाले, तेव्हा ३.२३ कोटी ग्रामीण घरांत नळजोडणी होती. आता ही संख्या १५ कोटींच्या पुढे गेली आहे. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २००० पासून राबविली जात आहे. दहा वर्षांपूर्वी ज्या कारणांनी एखाद्याने गाव सोडले, त्यांपैकी काही कारणे आज उरलेली नसतील. म्हणून जुन्या निर्णयाचाही अधूनमधून फेरविचार व्हावा.

घरातील स्त्रीवर पडणारा भार

पुरुष शहरात गेल्यावर शेती थांबत नाही. ती घरातील स्त्री करते. आवर्ती श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्या ग्रामीण स्त्रियांपैकी सुमारे ७७ टक्के, तर ग्रामीण पुरुषांपैकी सुमारे ४९ टक्के शेतीत होते. दुसरीकडे २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार स्त्री खातेदारांचे प्रमाण केवळ १४ टक्क्यांच्या आसपास होते.

या दोन आकड्यांतील तफावत रोजच्या व्यवहारात जाणवते. पेरणी कधी करायची, हे ती ठरवते, परंतु पीक कर्जासाठी सही पतीची लागते. कीड तिला दिसते, परंतु सल्ल्याचा संदेश शहरात असलेल्या पतीच्या मोबाईलवर जातो. गावातील प्रशिक्षणाचे निमंत्रण खातेदाराच्या नावाने निघते आणि खातेदार गावात नसतो. तिच्या कामाच्या तासांत घरकाम, जनावरे, मुले आणि वृद्धांची काळजी यांच्या जोडीला संपूर्ण शेती येते. ताळेबंदात या वाढीव श्रमांची रक्कम धरली नाही, तर शहरातून येणाऱ्या पैशाचा एक भाग प्रत्यक्षात तिच्या विश्रांतीतून आणि आरोग्यातून वसूल होत असतो.

यावर काही उपाय तातडीने करता येतात. सातबारा, खतौनी किंवा पहाणी, त्या त्या राज्यात जो अभिलेख असेल, त्यावर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावावे. बँक खाते संयुक्त करावे. सल्ला सेवेत तिचा मोबाईल क्रमांक नोंदवावा. पेरणी यंत्र, सायकल कोळपे, कडबाकुट्टी यांसारखी श्रम वाचवणारी साधने शहरातून येणाऱ्या पहिल्या पैशातून घ्यावीत. अवजारे भाड्याने देणारे केंद्र जवळ असेल, तर विकत घेण्याचीही गरज पडत नाही.

जमीन विकावी, पडीक ठेवावी की कसायला द्यावी?

गाव सोडणाऱ्याच्या हातून होणाऱ्या चुकांपैकी बहुतेक सुधारता येतात. खोली बदलता येते, नोकरी बदलता येते, परत येता येते. विकलेली जमीन मात्र बहुधा परत घेता येत नाही. शहरात घर घेण्यासाठी किंवा परगावी जाण्याच्या खर्चासाठी जमीन विकणाऱ्याचा परतीचा मार्गच बंद होतो. म्हणून शहरात पाय रोवण्याआधी, किमान काही वर्षे, हा व्यवहार टाळणे शहाणपणाचे ठरते.

जमीन पडीक ठेवणे हाही फुकटचा पर्याय नाही. पडीक रानात तण बियांवर येते आणि ते शेजारच्या शेतात पसरते. दुर्लक्षित फळबाग किडींचे आश्रयस्थान बनते. चर बुजतात, बांध फुटतात आणि काही वर्षांनी जमीन पुन्हा वहितीखाली आणण्यास मोठा खर्च येतो.

बटाईने किंवा खंडाने जमीन कसायला देणे हा व्यवहार्य पर्याय आहे. तथापि हक्क जाण्याच्या भीतीने मालक लेखी करार टाळतात आणि दरवर्षी कसणारा बदलतात. परिणामी कसणाऱ्याकडे पुरावा नसतो. त्याला पीक कर्ज, पीक विमा आणि आपत्तीची भरपाई मिळणे अवघड जाते. पुढच्या वर्षी जमीन आपल्याकडे असेल की नाही, हे माहीत नसल्याने तो शेणखत टाकत नाही, हिरवळीचे पीक घेत नाही आणि बांधबंदिस्ती करीत नाही. जमिनीचा कस हळूहळू उतरतो व नुकसान शेवटी मालकाचे होते. ही अडचण ओळखून नीती आयोगाने २०१६ मध्ये आदर्श कृषी जमीन भाडेपट्टा कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला. जमिनीविषयीचे कायदे राज्यनिहाय वेगळे असल्याने, आपल्या राज्यात कोणता करार वैध आहे, याची चौकशी महसूल कार्यालयात करून मगच तीन ते पाच वर्षांचा लेखी करार करावा.

मधले मार्ग

निवड नेहमी महानगर आणि गाव यांतच करायची नसते. उत्तराखंडच्या वरील अहवालातच गाव सोडणाऱ्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोक जवळच्या नगरात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी गेल्याचे दिसते. तालुक्याच्या गावी राहून मुलांचे शिक्षण करणे आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस शेतात येणे, ही पद्धत अनेक राज्यांत रूढ झाली आहे. तेथे भाडे महानगरापेक्षा कमी असते आणि पेरणी-काढणी चुकत नाही.

गावातच राहू इच्छिणाऱ्यांसाठी कृषिपूरक उद्योगांचा मार्ग आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने तरुणांना शेतीकडे आकर्षित करून तेथे टिकविण्यासाठी ‘आर्या’ हा प्रकल्प २०१५-१६ मध्ये कृषी विज्ञान केंद्रांमार्फत सुरू केला. मधमाशीपालन, अळिंबी उत्पादन, शेळी व कुक्कुटपालन, रोपवाटिका, बीजप्रक्रिया यांसारखे व्यवसाय त्यात घेतले जातात. पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे सुरू झाले. आज देशात ७०० हून अधिक केंद्रे आहेत. कृषी पदवीधरांसाठी कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजना २००२ पासून उपलब्ध आहे. अशा उद्योगाचाही ताळेबंद वरील पद्धतीनेच मांडावा. घरचे श्रम आणि घरचा चारा फुकट धरून काढलेला नफा येथेही फसवा ठरतो.

कोणताही पूरक उद्योग अखेर पाण्यावर उभा असतो. महाराष्ट्रातील हिवरे बाजार या अवर्षणप्रवण गावात १९८९ नंतर पाणलोटाची कामे, पाण्याचा वार्षिक ताळेबंद आणि सिंचनासाठी विंधन विहिरींवर बंदी असे निर्णय गावाने एकत्रितपणे अमलात आणले. पाणी टिकले, चारा वाढला, दूध वाढले आणि परगावी गेलेली अनेक कुटुंबे परतली. तेथील लोकांना परत येण्याचे आवाहन करण्याआधी परत येण्याजोगी परिस्थिती निर्माण झाली होती.

निघण्यापूर्वीची तयारी

ज्यांच्या ताळेबंदात शहर फायद्याचे दिसते, त्यांनी पुढील बाबी निघण्यापूर्वी पूर्ण कराव्यात.

- शिधापत्रिका आधारशी जोडावी. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ व्यवस्था २०२२ पासून सर्व राज्यांत लागू असल्याने पात्र कुटुंबाला शहरातही आपल्या वाट्याचे धान्य उचलता येते आणि उरलेले धान्य गावी राहिलेल्या सदस्यांना घेता येते.
- आयुष्मान भारत योजनेत पात्र असल्यास कार्ड काढून घ्यावे. ते देशभरातील संलग्न रुग्णालयांत चालते.
- असंघटित कामगारांसाठीच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करावी.
- किमान दोन महिन्यांचा शहरातील खर्च आणि खोलीची अनामत रक्कम हाताशी ठेवावी; ती सावकाराकडून किंवा मुकादमाकडून उचल म्हणून घेऊ नये.
- जमिनीचे अभिलेख, वारसनोंद आणि पीक विम्याची कागदपत्रे घरातील मागे राहणाऱ्या व्यक्तीच्या हाती द्यावीत.

विस्तार कार्यकर्त्यांची भूमिका

विस्तार कार्यकर्त्याने कुटुंबाला थांबवणे किंवा पाठवणे हे आपले काम समजू नये. शेती सोडून जाणाऱ्याला त्याने दोष देऊ नये आणि गावी राहणाऱ्याला मागासही मानू नये. हिशेब मांडण्यास मदत करणे हे त्याचे काम होय. त्यासाठी कुटुंबातील सर्व प्रौढ व्यक्ती, विशेषतः घरातील स्त्रिया आणि जाऊ इच्छिणारी व्यक्ती, एकत्र बसवून पुढील प्रश्न विचारता येतील.

- शहरातील काम नक्की ठरले आहे का? ते वर्षातील किती महिने चालते? ते मोसमी असेल, तर शेतीच्या कोणत्या कामांशी त्याची वेळ टकरावते?
- सर्व खर्च जाऊन दरमहा किती रक्कम घरी येईल?
- जाणारी व्यक्ती गावी कोणती कामे करीत होती? ती आता कोण करणार आणि त्याचा मोबदला काय?
- मुलांचे शिक्षण आणि वृद्धांचे औषधपाणी यांची सोय कोठे अधिक चांगली होईल?
- जमिनीची व्यवस्था काय केली आहे? तिचा लेखी पुरावा आहे का?
- निर्णय चुकला, तर वर्षभरात परत येता येईल का?

यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्या कुटुंबाला त्याचे उत्तर ‘होय’ असे देता येते, त्याला शहराचा प्रयोग करून पाहण्यास फारशी भीती नाही. ज्याचे उत्तर ‘नाही’ असे येते, त्या कुटुंबाने आधी ते उत्तर बदलण्याची तयारी करावी आणि मगच निघावे. वर्षाच्या अखेरीस, नव्या हंगामाच्या नियोजनाबरोबर हा ताळेबंद पुन्हा मांडावा. पाऊस, भाव, वेतन आणि मुलांचे वय या साऱ्या गोष्टी दरवर्षी बदलतात. त्यांच्याबरोबर उत्तरही बदलू शकते.